ब्रश उकळू नका, वाळू द्या

पत्र: आमचं घर चिपळूणचं, माणसं सहा. बेसिनवर स्टीलचा एक पेला आहे, त्यात माझा, ह्यांचा आणि दोन मुलांचा असे चार ब्रश असतात. मिरग लागला की पेल्याच्या बुडाशी काळपट, बुळबुळीत थर धरतो आणि ब्रशच्या केसांच्या मुळाशी काळे ठिपके दिसायला लागतात. दर रविवारी मी चारही ब्रश पातेल्यात उकळते. टोप्या घालून पाहिल्या, तर कुबट वास यायला लागला. ह्यांना कडकच ब्रश लागतो. दीड महिन्यात तो पिंजारतो आणि थुंकीत रक्तही दिसतं. धाकटी पाच वर्षांची आहे, ती हाताला येईल तो ब्रश तोंडात घालते. सासऱ्यांना कवळी आहे. सासूबाई मशेरी लावतात आणि ‘तुम्हा ब्रशवाल्यांपेक्षा माझे दात पक्के’ म्हणतात. ब्रश नेमका किती दिवसांनी बदलायचा आणि स्वच्छ कसा ठेवायचा? – एक वाचक, चिपळूण

उत्तर: ताई, आधी रविवारचं ते पातेलं बंद करा. ब्रशचे केस नायलॉनचे असतात. नायलॉनचा ब्रश पहिल्यांदा १९३८ साली अमेरिकेत विकायला आला, त्याआधी डुकराचे राठ केस वापरत. नायलॉनची खुबी अशी की तो वाकतो आणि पुन्हा सरळ उभा राहतो. उकळत्या पाण्यात नेमकी हीच ताकद जाते. केस ढिले पडतात, टोकं फाकतात आणि महिनाभर जुना ब्रश चार महिन्यांचा दिसायला लागतो. उकळल्याने जंतू मरतात हे खरं, पण सोमवारी सकाळी ब्रश तोंडात गेला की ते परत हजर. तोंडात शेकडो जातींचे जिवाणू कायम वस्तीला असतात. आपलेच जिवाणू आपल्याच ब्रशवर असले तर निरोगी माणसाचं त्याने काही अडत नाही. त्रास होतो तो ब्रश दिवसभर ओला राहिला की, आणि एकाचा ब्रश दुसऱ्याच्या ब्रशला चिकटून राहिला की. तुमच्या पेल्यात दोन्हींची सोय आहे.

ते काळे ठिपके कुठे आहेत ते भिंग घेऊन एकदा बघाच. ब्रशच्या डोक्याला बारीक भोकं असतात. प्रत्येक भोकात नायलॉनच्या तारांचा गुच्छ मधोमध दुमडून घातलेला असतो आणि तो निसटू नये म्हणून वर धातूची इवलीशी पट्टी ठोकलेली असते. त्या दुमडीपाशी जराशी फट राहते. पेस्टचा फेस, लाळ, पोह्याचा एखादा कण असं सगळं तिथे जाऊन बसतं. वरची टोकं बोटाला कोरडी लागतात, पण मूळ ओलंच असतं. कोकणातल्या जून ते सप्टेंबरच्या हवेत बुरशीला याहून जास्त काही लागत नाही. एकदा मुळाशी काळं धरलं की ते घासून, भिजवून किंवा उकळून निघत नाही. तो ब्रश टाकायचाच, मग घेऊन पंधराच दिवस झालेले असोत.

आता धुण्याची पद्धत. बहुतेक जण ब्रश नळाखाली दोन सेकंद धरतात आणि पेल्यात टाकतात. त्याऐवजी डोकं उलटं धरा, म्हणजे केस खाली. अंगठ्याने केस एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला वाकवत दहा-पंधरा सेकंद धार मुळाशी जाऊ द्या. पेस्टचा पांढरा अंश दिसेनासा झाला की बेसिनच्या कडेवर पाच-सहा वेळा ठोका. बरंचसं पाणी या ठोकण्यानेच झडतं आणि लोक नेमकं हेच करत नाहीत. नळाला पाणी नसेल तर तांब्याने वरून ओता, मगात ब्रश बुचकळू नका. एका मगात चौघांनी ब्रश बुडवले तर ते पेल्यापेक्षा वाईट. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येत असेल त्या दिवसांत चूळ भरायला आणि ब्रशवरून शेवटची धार सोडायला पिण्याचंच पाणी घ्या.

पेल्याचं काय करायचं? त्यात रोपटं लावा. ब्रश उभा ठेवला की पाणी दांड्यावरून खाली उतरतं, आणि बुडाला भोक नसल्याने चार दांडे त्याच पाण्यात उभे राहतात. तो काळा थर म्हणजे पेस्ट, लाळ, जिवाणू आणि बुरशी यांचं आंबोण आहे. भिंतीला लावायची, खाचा असलेली पट्टी मिळते ती घ्या. प्रत्येक खाचेत एक ब्रश, डोकं वर, दोन डोक्यांमध्ये निदान दोन बोटांचं अंतर आणि खाली पाणी साचायला जागाच नाही. तुमच्या दोन मुलांचे ब्रश एकाच रंगाचे असतील तर दांड्याला नेलपॉलिशचा पट्टा ओढा किंवा रबरबँड गुंडाळा. धाकटीची खाच तिच्या उंचीवर आणि बाकीच्यांच्या तिच्या हाताबाहेर असल्या की हाताला येईल तो ब्रश उचलण्याचा प्रश्नच उरत नाही. तिला समजावत बसण्यापेक्षा हे सोपं. पट्टीसुद्धा आठवड्यातून एकदा भांड्यांच्या साबणाने घासायची. रविवारचा वेळ तिकडे वळवा.

पट्टी कुठे लावायची याकडेही लक्ष द्या. संडास-बाथरूम एकत्र असेल तर कमोडपासून शक्य तितकी लांब, आणि फ्लश करताना झाकण बंद. फ्लशच्या वेळी उडणारे बारीक तुषार आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत एवढंच. सगळ्यात उत्तम म्हणजे बाथरूमच्या बाहेर, खिडकीपाशी किंवा पडवीत, जिथे वारा लागतो तिथे. ऊन नसलं तरी चालेल, वारा हवा.

टोप्यांचा कुबट वास हे त्यांचं उत्तर त्यांनीच दिलंय: ओला ब्रश, बंद डबी. टोपी फक्त प्रवासात, तीही भोकांची, ब्रश कोरड्या रुमालाने टिपून, आणि मुक्कामी पोचल्यावर लगेच काढून ठेवायची. झुरळांच्या भीतीने घालत असाल तर भीती रास्त आहे, पण झुरळं पाण्याला येतात. रात्री बेसिन पुसून कोरडं करा, मोरीच्या जाळीवर झाकण टाका.

पावसाळ्यासाठी एक उपाय आम्ही हक्काने सुचवतो. प्रत्येकाला दोन ब्रश, एक सकाळचा, एक रात्रीचा. एकच ब्रश दोन वेळा वापरला तर त्याला मध्ये फार तर बारा तास मिळतात आणि दमट हवेत मुळं वाळायला ते पुरत नाहीत. आलटून-पालटून वापरला तर पूर्ण दिवस मिळतो. खर्च दुप्पट होत नाही, कारण दोन्ही ब्रश निम्मेच झिजतात.

ब्रश बदलायची मुदत तीन महिने, फार ताणलं तर चार. पण तारखेपेक्षा केस काय सांगतात ते बघा. ब्रश पाठीमागून धरा, म्हणजे केस तुमच्यापासून दूर. डोक्याच्या कडेबाहेर केस डोकावत असतील तर त्याचं काम संपलं. फाकलेलं टोक हिरडीच्या कडेला जातच नाही, नुसतं दातावरून घसरतं. साध्या सर्दी-तापानंतर ब्रश फेकायची गरज नाही, पण तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे उठून गेले असतील तर नवा घ्या. घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर त्यांच्या डॉक्टरांना विचारून ब्रश जास्त वेळा बदला आणि त्यांचा ब्रश घरातल्या इतर ब्रशांपासून वेगळा ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये ब्रश घालू नका, आतली ती पट्टी धातूची आहे. चौघांचे ब्रश एकाच भांड्यातल्या जंतुनाशकात बुडवून ठेवणं हाही तुमच्या पेल्याचाच महागडा प्रकार.

आता तुमच्या ह्यांच्याकडे वळू. दीड महिन्यात ब्रश पिंजारतो याचा अर्थ ब्रश वाईट नाही, हात जड आहे. मऊ ब्रशचा केस साधारण ०.२ मिलिमीटर जाड असतो, कडक ब्रशचा ०.४ च्या आसपास. कडक ब्रशने ‘घासल्यासारखं वाटतं’ हे खरं आहे, पण घासायचं काय? दातावर रोज धरणारा थर, त्याला प्लाक म्हणतात, माठाच्या आतल्या बुळबुळीसारखा मऊ असतो. तो मऊ केसाने सहज निघतो. न काढता राहिला तर लाळेतल्या कॅल्शियमने काही दिवसांत तो दगडासारखा होतो. हे किटण. किटण मऊ ब्रशने निघत नाही तसं कडकनेही निघत नाही, ते डॉक्टरांच्या हत्यारानेच निघतं. म्हणजे कडक ब्रशला करण्यासारखं खास काम तोंडात कुठेच नाही. त्याने नुकसान मात्र होतं. करवत चालवल्यासारखं आडवं घासलं की हिरडी मागे सरते, मूळ उघडं पडतं. मुळावर इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक कवच, नसतं, त्यामुळे तिथे खाच पडत जाते. उजव्या हाताने घासणाऱ्यांना ती बहुतेकदा डाव्या बाजूच्या सुळ्यापाशी आणि त्यामागच्या दाढांवर सापडते, कारण हाताचा जोर तिथे सगळ्यात जास्त लागतो. गार पाण्याने दात शिवशिवतात का, विचारा त्यांना. आणि आरशासमोर नखाचं टोक हिरडीलगत हळूच फिरवायला सांगा. नख अडकलं तर खाच पडली आहे.

मऊ ब्रश द्या, पण तोही मुठीत नको. पेन धरतो तसा बोटांत धरला की जोर आपोआप अर्ध्यावर येतो. केस अर्धे दातावर, अर्धे हिरडीच्या कडेवर, ४५ अंशांत तिरपे. एका वेळी दोन-तीनच दात. जागच्या जागी, टोकं न सरकवता, दहा-पंधरा वेळा बारीक थरथर. मग मनगट फिरवून हिरडीकडून दाताच्या टोकाकडे एक झाडणी: वरच्या दातांना खाली, खालच्यांना वर. पुढच्या दोन-तीन दातांवर सरका. चघळायच्या पृष्ठभागावर तेवढं पुढेमागे चालतं. तोंडाचे चार भाग धरा, प्रत्येकी तीस सेकंद, एकूण दोन मिनिटं. मोबाइलवर गजर लावून पहिल्या दिवशी केलंत तर कळेल की आपण एरवी पाऊण मिनिटात उरकतो. सगळ्यात जास्त चुकणारी जागा म्हणजे खालच्या समोरच्या दातांची आतली, जिभेकडची बाजू. लाळेच्या ग्रंथी तिथेच उघडतात, म्हणून किटणही आधी तिथे चढतं. तिथे ब्रश उभा धरून पुढच्या टोकाच्या केसांनी घासायचं. दोन दातांच्या फटीत मात्र कोणताच ब्रश पोचत नाही. तिथे फ्लॉस, हातभर दोरा मधल्या बोटांना गुंडाळून, प्रत्येक दाताला मिठी मारून वर-खाली. काडेपेटीची काडी आणि सेफ्टी पिन नको.

रक्त येतं म्हणून ती जागा सोडून घासणं ही नेहमीची चूक. रक्त येतं कारण तिथे प्लाक साचून हिरडी सुजली आहे. न घासल्याने ती आणखी सुजते. हाराल्ड ल्यो या संशोधकाने १९६५ साली डेन्मार्कमध्ये बारा जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. तेव्हा मऊ ब्रशने, योग्य पद्धतीने, रक्त येतं तिथेच नीट घासायचं. आठ-दहा दिवसांत रक्त कमी व्हायला हवं. दोन आठवड्यांनंतरही येत असेल तर डॉक्टरांकडून किटण काढून घ्या आणि त्याच खेपेत रक्तातली साखर तपासा, कारण मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना खतपाणी घालतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना सांगा. ‘क्लीनिंग केल्याने दात हलायला लागतात’ असं कुणी सांगेल. हलत आधीच असतात, किटणाने सांधून ठेवलेले असतात एवढंच.

रक्त येणाऱ्या माणसाचा ब्रश दुसऱ्याच्या तोंडात जाणं ही बाब मात्र हसण्यावारी नेऊ नका. हिपॅटायटिस बी हा यकृताचा आजार रक्तातून पसरतो आणि त्याचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. धाकटीची वेगळी खाच हे सगळ्यात आधी करायचं काम आहे ते यासाठी.

तिच्या पेस्टचं प्रमाण वाटाण्याएवढं, जाहिरातीत दाखवतात तशी लाटेसारखी नागमोडी रेघ नाही. तीन वर्षांखालच्या मुलांना तर तांदळाच्या दाण्याएवढीच पुरे. पेस्ट फ्लोराइडची हवी. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांपेक्षा) जास्त फ्लोराइड घालता येत नाही आणि आकडा ट्यूबवर छापलेला असतो, तो वाचून घ्या. फेस थुंकायचा, पण नंतर खळखळून पाच-सहा चुळा भरायच्या नाहीत, नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं. हे मोठ्यांनाही लागू. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हाताला ही कसरत जमत नाही, म्हणून तिच्या मागे उभं राहून, तिचं डोकं तुमच्या पोटाला टेकवून रात्रीचं घासणं तुम्हीच करा. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्रीचं चुकवायचं नाही. एक वेळ सकाळचं चुकलं तर चालेल. आणखी एक: सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे आईबाप तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी ‘पडेलच’ म्हणून सोडून देतात. ती कायमची आहे. येताना ती इतर दातांपेक्षा बुटकी असते, सरळ घासताना ब्रश तिच्यावरून नुसता जातो. गालाच्या बाजूने ब्रश आडवा घालून तिला वेगळं घासा.

सासऱ्यांची कवळी रात्री काढून साध्या गार पाण्यात ठेवायची, पाणी रोज बदलायचं. गरम पाण्याने ती वेडीवाकडी होते आणि कोरडी पडली तरी बिघडते. टूथपेस्टने तिच्यावर चरे पडतात, हात धुवायचा साबण आणि वेगळा मऊ ब्रश बरा. धुताना बेसिनमध्ये टॉवेल पसरा, हातून निसटली तरी फुटत नाही. कवळी काढल्यावर हिरड्या आणि जीभही ओल्या फडक्याने पुसायची.

सासूबाईंचं शेवटी ठेवलं, कारण तिथे ब्रशच्या निगेचा प्रश्न नाही. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. दात घासायची पूड म्हणून ती लावली तरी हिरडीतून निकोटीन रक्तात जातं. म्हणूनच मशेरी लावल्याशिवाय दिवस सुरू होत नाही, पोट साफ होत नाही, डोकं जड राहतं, असं लावणाऱ्या बायका सांगतात. ती दाताची गरज नाही, तलफ आहे. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर १९९२ पासून देशात बंदी आहे, पण घरच्या तव्याला ती लागू होत नाही. दात पक्के आहेत हे खरं असेलही, पण मोठा धोका दातांना नाही. तो गालाच्या, ओठाच्या आणि हिरडीच्या कातडीला आहे.

त्यांच्याशी दातांवरून वाद घालू नका. दिवसाउजेडी खिडकीपाशी बसवा आणि खालचा ओठ बाहेर ओढून, मशेरी जिथे लावतात ती जागा बोटाने पुसून बघा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, खरखरीत झालेली कातडी, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा तोंड उघडून तीन बोटं उभी न जाणं, यातलं काहीही दिसलं तर दंतवैद्याकडे त्याच आठवड्यात न्या, ‘उष्णता झाली असेल’ म्हणून थांबू नका. काही दिसलं नाही तरी दिवसातून किती वेळा लावतात ते मोजायला लावा. पहिली कपात दुपारच्या वेळेची करा, सकाळची सगळ्यात अवघड असते, ती शेवटी. सकाळी आधी ब्रश आणि पेस्ट, मग अर्धा तास थांबून काय ते. सोडताना आठवडा-दोन आठवडे चिडचिड आणि बद्धकोष्ठ होईल, तेव्हा सकाळी कोमट पाणी आणि जेवणात भाजी-फळं वाढवा. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत आहे. पहिला फोन तुम्ही लावून द्या, बोलायचं मात्र त्यांनाच.